‘प्रार्थनेत ठेवा’ लिहिण्याआधी: मंडळीच्या ग्रुप ॲडमिनना खुलं पत्र

मंडळ्यांच्या प्रार्थना ग्रुपचे जे कुणी ॲडमिन आहात त्या सगळ्या भावांना आणि बहिणींना,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र पाळकांना लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दामच. पाळकसाहेब याकोबाचा तिसरा अध्याय अधूनमधून घेतातच, घोड्याच्या तोंडातला लगाम, एवढ्या मोठ्या जहाजाला वळवणारं ते छोटंसं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, सगळं सांगून होतं, आपण माना डोलावतो, बाहेर पडताना "आज संदेश छान झाला हं" असं हात मिळवून सांगतो आणि गेटपर्यंत पोचायच्या आत कुणाच्यातरी सुनेचा विषय निघालेला असतो. म्हणजे पुलपिटवरून जेवढं सांगता येईल तेवढं सांगून झालंय. आता मंडळीचं निम्मं बोलणं फोनवर होतं आणि तिथे पाळक नसतात, तिथे तुम्ही असता. ग्रुपमध्ये कोण असणार, काय राहणार, काय उडवायचं हे तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला.

आपण ख्रिस्ती लोक एका गोष्टीचा जरा जास्तच तोरा मिरवतो, की आमच्यात शिव्या नाहीत. शेजारीपाजारी पण म्हणतात, तुमच्या लोकांची भाषा चांगली असते. असेलही. पण शिवी न देता माणसाला पार धुळीला कसं मिळवायचं हे आपल्याला इतकं छान जमतं की विचारू नका, आणि ते आपण डोळे मिटून, हात जोडून करतो.

एक मेसेज सांगते. नावं काढलीत, गाव पण सांगत नाही, पण असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला नसेल तर तुम्ही नशीबवान. "प्रिय बंधू भगिनींनो, आपल्या अमुक भगिनीच्या मुलीसाठी कळकळीने प्रार्थना करावी, सासरी खूप प्रॉब्लेम चालू आहेत, मुलगी माहेरी आली आहे, जास्त सांगता येत नाही, प्रभूला सर्व माहीत आहे." खाली आमेन, आमेन, हात जोडलेले, आमेन, एकाने तर चुकून वाढदिवसाचा केक टाकला. त्या आमेनमधले किती जण खरंच गुडघ्यावर गेले ते प्रभूलाच माहीत पण फोन मात्र सगळ्यांनी उचलले, अगं काय झालं, नवरा पितो का, का दुसरं काही, मी ऐकलं की हुंड्यावरून, छे गं त्यांच्यात मागतच नाहीत, मग हिचंच काहीतरी असणार. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईला भाजीच्या गाडीवर मंडळीतल्याच एका बाईने गाठून विचारलं, "मुलगी किती दिवस राहणारे?" तिने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. फक्त एका जवळच्या मैत्रिणीपाशी रडली होती आणि ती मैत्रीण प्रार्थनेची फार मोठी भगिनी.

त्या मेसेजमधलं मला सगळ्यात घातक कुठलं वाक्य वाटतं माहितीये? "जास्त सांगता येत नाही." सगळं सांगितलं असतं तर एकवेळ परवडलं असतं, खरं काय ते तरी लोकांना कळलं असतं. अर्धवट सांगून सोडून दिलं की बाकीचं ज्याचं तो भरतो, आणि कुणीही चांगलं भरत नाही. पराचा कावळा व्हायला आधी एक पर लागतो, तो आपण "प्रभूला सर्व माहीत आहे" म्हणून हवेत सोडलेला असतो. अहो प्रभूला माहीत आहे ना, मग ग्रुपवरच्या लोकांना कशाला माहीत व्हायला हवं.

नीतिसूत्रांत म्हटलंय की चहाडखोराचे शब्द चविष्ट घासासारखे असतात, थेट पोटात उतरतात. लिहिणाऱ्याला माणसं पक्की माहीत होती. चहाडी ऐकताना कुणी तोंड वाकडं करत नाही, आपण म्हणतो "जाऊ दे गं, आपल्याला काय करायचंय" आणि खुर्ची जरा पुढे ओढतो.

आता प्रभू स्वतः काय करायचा ते बघा. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई आपल्याला तोंडपाठ आहे, याकोबाची विहीर, दुपारची वेळ, तुला पाच नवरे झाले आणि आता आहे तो तुझा नवरा नाही. हे वाक्य आपण फार आवडीने सांगतो. पण हे तो बोलला तेव्हा शिष्य कुठे होते? खायला आणायला गावात गेले होते. तिच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट त्याने काढली ती तिसरं कुणी कानावर नसताना. शिष्य परत आले तेव्हा तो बाईशी बोलतोय याचंच त्यांना नवल वाटलं, पण तू हिच्याशी काय बोलत होतास असं कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही "अरे हिच्यासाठी जरा प्रार्थना करा, पाच झाले बिचारीचे" असं त्यांना सांगितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. गावात जाऊन सांगितलं ते तिने, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मर्जीने. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर. ज्याची गोष्ट त्याने सांगावी.

तुम्ही म्हणाल मग प्रार्थना विनंत्या बंद करायच्या का. अजिबात नाही. ऑपरेशन आहे, परीक्षा आहे, नोकरी गेलीये, घरच्यांनी स्वतः सांगितलंय की मंडळीला कळवा, तर जरूर टाका, त्या ग्रुपमुळे रात्री अकरा वाजता रक्त मिळालेलं मी पाहिलंय. फक्त टाकण्याआधी त्या माणसाला एक फोन, "ग्रुपवर टाकू का? काय लिहू?" आणि तो जेवढं म्हणेल तेवढंच, अक्षरही जास्त नाही. नको म्हणाला तर नको, दोघांनी मिळून प्रार्थना करा, प्रभूने दोघा-तिघांचं वचन दिलंय, अडीचशे जणांच्या ग्रुपचं नाही. आणि कुणी न विचारता टाकलंच तर तुमच्याकडे ॲडमिन म्हणून दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय आहे, २०२२ पासून आहे, बऱ्याच ॲडमिनना माहीतच नाही किंवा माहीत असून भीड पडते, की त्या मावशी मोठ्या आहेत, त्यांना वाईट वाटेल. अहो त्या मुलीला काय वाटलं असेल? डिलीट करा आणि मावशींना वेगळा फोन करून प्रेमाने सांगा की मावशी, हे त्यांना विचारून टाकूया. ग्रुपवर सांगू नका, म्हणजे मावशींचा पंचनामा नको.

इथे कुणीतरी मला धरणारच, की बाई, मत्तय अठरा शिकवता, भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग, आणि तुम्ही स्वतः डायरेक्ट खुलं पत्र? बरोबर प्रश्न आहे. आमच्या ॲडमिनशी मी आधी बोलले, समोरासमोर, त्यांच्याच घरी बसून, ते म्हणाले हे सगळीकडेच चालतं तर सगळ्यांनाच लिहा. आणि या पत्रात मी कुणा एकाचा अपराध मांडत नाहीये, सवय मांडतेय, नाव कुणाचंच नाही. तरी वाचताना तुम्हाला कुणीतरी नेमकं डोळ्यासमोर आलं असेल तर ते तुमच्या ग्रुपचं, माझं नाही.

आपल्याकडे हा मत्तय अठरा उलटा चालतो ही खरी गंमत. आधी मंडळीला कळतं, मग एक-दोघं मध्यस्थ होतात आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी, ते पण दुसऱ्याच्या तोंडून. पाळकांचा संदेश लांबला, अमक्याने ऑर्गन चुकीचा वाजवला, तमकीने प्रभुभोजनाच्या दिवशी कसली साडी नेसली, हे ज्याचं त्याला जाऊन सांगायला दोन मिनिटं लागतात. पण नाही. ऑर्गन वाजवणारा मुलगा अकरावीतला आहे, कुणी शिकवणारं नाही, यूट्यूबवर बघून ‘उपासना संगीत’मधली गीतं बसवतो बिचारा, आणि त्याला कळतं तेव्हा थेट असं कळतं की "लोक म्हणतात". लोक म्हणजे कोण ते कधीच कळत नाही. मग तो यायचाच बंद होतो आणि आपण तरुण मंडळीत टिकत नाहीत यावर सेमिनार घेतो.

आणि ते स्पष्टवक्ते. प्रत्येक मंडळीत दोन-तीन असतातच. "मी बाबा तोंडावर बोलतो, मला गोड बोलता येत नाही, येशूने पण परूश्यांना झोडपलं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पण सापाची पिल्लं म्हटलं, पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं." हो सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात आहे. पण तोंडावर सुनावलं, पाठीमागे नाही, आणि सगळ्यांसमोर का, तर पेत्राची चूक सगळ्यांसमोरची होती, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवता जेवता यहूदी मंडळी आली तसा तो उठून बाजूला झाला होता. आणि प्रभूचे ते "तुमची केवढी दुर्दशा होणार" वाले कडक शब्द कुणासाठी होते ते पण बघा, मानाच्या जागी बसणाऱ्या, दुसऱ्यांवर ओझी लादणाऱ्या धर्मपुढाऱ्यांसाठी. जकातदार जक्कयासाठी नाही. व्यभिचारात धरून आणलेल्या त्या बाईसाठी नाही. आपले स्पष्टवक्ते नेमके उलटे असतात, बिशपसाहेब आले की हार घेऊन पहिल्या रांगेत आणि झाडलोट करणाऱ्या दादाला सगळ्यांदेखत "तुम्हाला अक्कल आहे का". याला स्पष्टवक्तेपणा नाही म्हणत, कुणापुढे जीभ चालवली तर चालते याचा हिशोब म्हणतात.

दयाळू बोलणं म्हणजे गुळचट बोलणं असा पण एक समज आहे, तो पण नको. मित्राने केलेली जखम बरी, शत्रूचे मुके नकोत, हेही नीतिसूत्रांतच आहे. आणि थट्टाच करायची नाही का, तर करा की! आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाला थट्टा शिकायला कुठे लांब जायला नको, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली, मधल्या वर्षांत त्या बाईने लोकांचं काय काय ऐकून घेतलं असेल, आणि तरी लिहिताना पानापानावर हसवते, नवऱ्याचा तापटपणा, विसराळूपणा काही म्हणून झाकत नाही, पण सगळ्यात जास्त हसते ती स्वतःला. म्हणून ते बोचत नाही. आपली थट्टा बहुतेक वेळा खालच्याकडे बघून असते, कुणाचं इंग्लिश, कुणाचा रंग, कुणाला मूल नाही, आणि लग्नाचं स्थळ आलं की हळूच, "मूळचे कुठले हो ते लोक?" हा प्रश्न चर्चच्या आवारात अजून विचारला जातो, आवाज खाली करून. आवाज खाली करावा लागतो यातच सगळं आलं.

आता एक गोष्ट जरा जोरात सांगायचीये कारण मला भीती आहे की माझं हे पत्र नको त्या माणसांच्या कामाला येईल. जीभ सांभाळा, प्रेमाने बोला, मंडळीची बदनामी नको, हे सगळं वापरून गप्प बसवलं जातं. पैशाचा हिशोब मागितला की "भाऊ, दोष लावू नका, वचन काय सांगतं". चर्चच्या जागेबद्दल विचारलं की "आपण प्रार्थना करू". असं नाही चालत. हिशोब मागणं ही चहाडी नाही, तो वार्षिक सभेत, उभं राहून, नम्रपणे आणि कागद हातात घेऊन मागायचा असतो. मंडळीच्या वडिलांविरुद्ध, म्हणजे पुढाऱ्यांविरुद्ध, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नको असं पौल तीमथ्याला सांगतो, पण लगेच पुढच्याच ओळीत म्हणतो की पाप करणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष पदरी घाल. पहिली ओळ पाठ आणि दुसरी गायब असं करू नका. याचा दुसरा अर्थ असाही की कमिटीच्या इलेक्शनच्या आधी रात्री बारा वाजता निनावी पीडीएफ ग्रुपवर पडते, "पाळकांचे कारनामे भाग एक", सही नाही, साक्षीदार नाही, तर ती ॲडमिनने ठेवायची नाही, बाजू कुणाचीही असो, तुमच्या पॅनेलची असली तरी. आणि मुलांशी किंवा मुलींशी कुणी वाईट वागल्याचं कानावर आलं तर तिथे मत्तय अठरा नाही, एकांतात जाऊन समजूत नाही, ग्रुप पण नाही, प्रार्थना सभा पण नाही, तिथे पोलीस. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून लेकराला गप्प करणं, याला जीभ सांभाळणं म्हणत असाल तर मग आपण वेगवेगळं बायबल वाचतोय.

तरुण संघाच्या पोरांसाठी पण थोडं, कारण तरुणांच्या ग्रुपचे ॲडमिन तेच आहेत. चर्चच्या गाण्याच्या रीलखाली कुणीतरी येऊन "राईस बॅग" लिहून जातं, आजोबांनी तांदळासाठी धर्म विकला वगैरे. राग येतो, यायलाच हवा, ज्या आजोबांनी दुष्काळात, गावाने पाणी तोडलेलं असताना विश्वास धरून ठेवला त्यांच्याबद्दल कुणीही उठून बोलणार म्हटल्यावर रक्त तापतंच. पण मग आपली पोरं ग्रुपवर लिंक टाकतात, "चला सगळे, सोडायचा नाही याला", आणि पंधरा मिनिटांत त्या माणसाची आई-बहीण निघालेली असते, प्रोफाइलला क्रूस लावून. पेत्राचं पहिलं पत्र छळ सोसणाऱ्या लोकांनाच लिहिलेलं आहे, आणि त्यांना तो सांगतो की निंदेची फेड निंदेने करू नका, विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कायम तयार असा पण ते सौम्यतेने आणि आदराने. उत्तर देऊ नका असं म्हणत नाही तो. धमकी असेल तर स्क्रीनशॉट काढा, रिपोर्ट करा, तक्रार करा. नुसता टोमणा असेल तर एक शांत उत्तर पुरे, किंवा तेही नको. आणि आपल्याआपल्यात जे चालतं, हे हल्लेलुयावाले, ते नावाचे ख्रिस्ती, कॅथलिक म्हणजे मूर्तिपूजक, त्याचे स्क्रीनशॉट तोच राईस बॅगवाला दुसऱ्या दिवशी मजेत फिरवतो.

घराबद्दल जास्त लिहीत नाही, तो माझा विषय नाही आणि तिथे ॲडमिनचं चालत नाही. पण आपल्या बहुतेक घरांत बैठकीच्या खोलीत ती पाटी असते ना, ख्रिस्त या घराचा मस्तक आहे, जेवणातला न दिसणारा पाहुणा, प्रत्येक बोलणं गुपचूप ऐकणारा. रविवारी भक्तीवरून आलं की त्याच पाटीखाली मटणाच्या ताटावर बसून पाळकांचं आणि पाळकीणबाईंचं जे काही निघतं ते पोरं पण ऐकत असतात, मग तीच पोरं संडेस्कूलला जायला टाळाटाळ करतात.

ईयोबाचे मित्र मला नेहमी आठवतात. त्यांना आपण शिव्या घालतो पण सुरुवात त्यांनी फार छान केली होती, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं होतं हे त्यांना दिसत होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, तू काहीतरी पाप केलंच असशील. आपल्या ग्रुपवर मयताचा मेसेज आला की तीन मिनिटांत "प्रभूची इच्छा", "त्याला फुलं तोडायची होती", "रडू नका, तो चांगल्या ठिकाणी आहे". सांत्वन म्हणूनच लिहितात, मान्य, पण ज्याचं बावीस वर्षांचं पोरगं गेलंय त्याने हे वाचून काय करायचं? आमच्याकडे एक वयस्कर बाई आहेत, शिक्षण फारसं नाही, प्रार्थना पण दोन वाक्यांची करतात. पण मयत होऊन तीन-चार आठवडे गेले, पाहुणे पांगले, ग्रुप दुसऱ्या विषयावर गेला, की त्या बरोबर फोन करतात आणि एवढंच विचारतात, "जेवलीस का गं?" नाही म्हटलं तर डबा घेऊन येतात, बसतात, उठून जातात. काय झालं, कसं झालं, काही विचारत नाहीत. आपल्या घरातलं सगळं त्यांना माहीत असतं आणि बाहेर कधी एक अक्षर आलेलं नाही. मंडळीत कुणाला काही मनातलं सांगायचं असेल तर लोक त्यांच्याकडे का जातात आणि आपल्या ग्रुपवर का नाही, याचा विचार ॲडमिन म्हणून जरूर करा.

तर आता मागणं. लेंट, म्हणजे पुनरुत्थानाच्या रविवारआधीचा उपवासकाळ, जवळ आलाय. या वर्षी उपवासात मटण सोडा नाहीतर चहा सोडा, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तेवढे दिवस ग्रुपचं सेटिंग बदला, मेसेज फक्त ॲडमिन टाकतील असं करा, आणि ज्याला विनंती टाकायचीये त्याने ती तुम्हाला पाठवावी, तुम्ही त्या माणसाला विचारावं, मगच टाकावी. सुरुवातीला लोक चिडतील, हुकूमशाही म्हणतील, एखादे काका ग्रुप सोडतील आणि परत ॲड करा म्हणून फोन पण करतील. चालू द्या. पुनरुत्थानाच्या रविवारनंतर सेटिंग परत उघडा आणि काय फरक पडला ते तुम्हीच बघा. गुड फ्रायडेला प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोलायला ज्यांना बोलावता त्यांनाही हे आत्ताच कळवून ठेवा, पहिला उद्गार ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना तर नक्कीच, खाली उभे राहून टोमणे मारणाऱ्यांसाठी तो काय बोलला यावर त्यांना बोलायचंय.

या पत्राबद्दल काही राग असेल, काही चुकीचं लिहिलं असेल वाटलं तर ग्रुपवर लिहू नका, मला फोन करा, किंवा रविवारी भक्ती सुटल्यावर थांबा, चहा घेऊ आणि बोलू.

तुमची ख्रिस्तातली बहीण,
महिला मंडळातली एक सभासद

ता.क. पत्र पुढे पाठवायला माझी काही हरकत नाही. फक्त पाठवताना वर "काही लोकांनी हे जरूर वाचावं" असं लिहू नका.